मॅडम, कुणाला सांगू नका हं

मागच्या अंकात शाळेतल्या मुलांच्या सुरक्षेबद्दल प्रश्न पाठवा असं लिहिलं आणि पत्रांचा नुसता ढीग पडला, त्यातली काही इतकी मोठी की पत्र कसलं, डायरीच म्हणायची. मी वीसेक वर्षं शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम केलंय, त्यामुळे उत्तरं देतेय ती पुस्तकातून कमी आणि चुका करून शिकल्यामुळे जास्त. सगळ्या पत्रांतले ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि दोन पत्रं तर छापतच नाहीये, त्यांना थेट फोन केलाय.

ताई नमस्कार, मी तिसरीची वर्गशिक्षिका. मधल्या सुट्टीत एक मुलगी मागे रेंगाळली, म्हणाली मॅडम एक सांगू का पण कुणाला सांगू नका हं, मी पटकन हो म्हटलं आणि घरी येणाऱ्या एका काकांबद्दल तिने जे सांगितलं ते ऐकून हातपाय गार पडले. वचन तर देऊन बसलेय. आता काय करू?

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी आपलं बोलणं झालंय, पुढचं सगळंही झालंय, इथे छापतेय ते बाकीच्या शिक्षकांसाठी आणि तुम्हाला विचारूनच.

आधी वचनाचं. हे आपल्या सगळ्यांच्या तोंडून निघतं कारण समोर मूल उभं असतं आणि नाही म्हटलं तर ते गप्प होईल अशी भीती वाटते. पण ते वचन पाळता येत नाही, कायद्यानेही नाही आणि तिच्या भल्यासाठीही नाही. म्हणून पुढच्या वेळी असं म्हणा, की मी हे वर्गात किंवा कुणालाही उगाच सांगणार नाही, पण तुला सांभाळायला ज्यांची मदत लागेल त्यांना सांगावं लागेल, आणि कुणाला सांगितलं ते तुला आधी सांगेन. मुलं हे समजून घेतात हो, आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त. आणि हो म्हणून झालंच असेल तर परत तिच्याकडे जायचं आणि सरळ सांगायचं की मी चुकून हो म्हटलं. तिच्या पाठीमागे सांगून मोकळं व्हायचं नाही, कारण एका मोठ्या माणसाने आधीच तिला गुपित ठेवायला लावलंय, दुसऱ्याने फसवलं असं व्हायला नको.

आता ऐकायचं कसं. प्रश्न कमीत कमी. "मग?", "अजून काही सांगायचंय?", बस्स. "त्यांनी इथे हात लावला का?" असं आपण विचारलं आणि तिने मान हलवली की उद्या कोर्टात बचाव पक्षाचा वकील उभा राहून म्हणणार, हे तर बाईंनीच मुलीच्या तोंडात घातलं. आणि "आधी का नाही सांगितलंस", "ओरडली का नाहीस" हे तर अजिबातच नाही, त्या एका वाक्याने मूल कायमचं गप्प होऊ शकतं. स्वतःचा चेहरा सांभाळा, रडू आलं तर नंतर स्टाफरूममध्ये रडा, मीही रडलेय. तिला मात्र एवढं सांगायचं की सांगितलंस ते बरं केलंस, आणि यात तुझी काहीही चूक नाही.

मग त्याच दिवशी, मी म्हणते त्याच तासाला, लिहून काढायचं. तारीख, वेळ, जागा, शेजारी कोण होतं, आणि तिने वापरलेले शब्द जसेच्या तसे. ती शूची जागा म्हणाली तर शूची जागाच लिहा, आपला शास्त्रीय शब्द घालू नका. माझ्या एका जुन्या नोंदीत असं आहे, "मधली सुट्टी, जिन्याखाली, ती एकटी. बोलताना डाव्या बुटाची नाडी सोडत होती आणि परत बांधत होती, चार-पाच वेळा." बघा, यात कुठेही "खूप घाबरलेली दिसली" असं नाहीये. घाबरलेली हा आपला अंदाज झाला, नाडी मात्र डोळ्यांनी पाहिलेली. अशी नोंद काही महिन्यांनी जबाबाच्या वेळी उघडली की आपल्याला स्वतःलाच हायसं वाटतं, कारण तोवर आपल्या आठवणीत भलतंच काहीतरी मिसळलेलं असतं.

आणि कळवायचं कुणाला. बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, ज्याला सगळे पॉक्सो म्हणतात, तो २०१२ चा, त्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलंय किंवा होईल अशी भीती वाटतेय त्या प्रत्येकाने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचंच आहे. प्रत्येकाने म्हणजे तुम्हीसुद्धा. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणजे आपलं काम संपलं असं खूप शिक्षकांना वाटतं, तसं नाहीये, त्यांनी पुढे कळवलं का हे बघायचं आणि नसेल तर स्वतः कळवायचं. न कळवल्याबद्दल कलम २१ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. उलट प्रामाणिकपणे कळवलं आणि पुढे काही सिद्ध झालं नाही तर कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही त्याच कलम १९ मध्ये लिहिलंय, ते मात्र कुणी सांगत नाही. आणि हे नुसतं कागदावर नाहीये बरं का, चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात त्यांना तपासणाऱ्या एका डॉक्टरवर कळवलं नाही म्हणून गुन्हा लागला, उच्च न्यायालयाने तो रद्द केला होता, तर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ते रद्द करणंच रद्द केलं आणि माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं सांगितलं.

तुम्हाला भीती होती की मुलीला पोलीस स्टेशनात बसवून ठेवतील. कायदा तसं सांगत नाही. तिचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल अशा जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा आहे, आणि सोबत आईवडील किंवा तिचा विश्वास असलेलं माणूस हवं. ते माणूस कधीकधी वर्गशिक्षिकाच असते. जायची तयारी ठेवा, आणि गेलात तर तिथे तिच्या वतीने बोलू नका, नुसत्या बसा.

मी एका माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक. एका कर्मचाऱ्याविरुद्ध पाचवीतल्या मुलाच्या पालकांनी तोंडी तक्रार केली. संस्थाचालक म्हणतात आधी आपण आतल्या आत चौकशी करू, खरं निघालं तर पोलिसांकडे जाऊ, शाळेचं नाव खराब व्हायला नको. मी कात्रीत सापडलोय.

सर, कात्री वगैरे काही नाही, तुमचा रस्ता एकच आहे. आतल्या आत चौकशी म्हणजे काय होतं ते मी पाहिलंय, ऑफिसात चार मोठी माणसं खुर्च्यांवर, मूल मधोमध उभं, आणि ज्याच्यावर आरोप आहे तो दाराशी हात बांधून. विचारतात काय, "बोल, यांनीच केलं ना? नीट आठवून बोल, यांची नोकरी जाईल." त्या मुलाने कबूल केलं की मी खोटं बोललो. सगळे सुटल्यासारखे घरी गेले. नंतर काय निघालं ते सांगत नाही.

खरं की खोटं हे ठरवायचं काम तुमचं नाही, संस्थाचालकांचं नाही, माझंही नाही. हाताखालच्या माणसाबद्दल कळून संस्थाप्रमुखाने कळवलं नाही तर त्याला कलम २१ मध्येच वेगळी जास्तीची तरतूद आहे, एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. आणि शिक्षण संस्थेच्या कर्मचाऱ्याने किंवा व्यवस्थापनातल्या कुणी त्याच संस्थेतल्या मुलाशी असं केलं तर कायदा त्याला साधा गुन्हा धरत नाही, गंभीर स्वरूपाचा धरतो. हे दोन मुद्दे एका कागदावर लिहून संस्थाचालकांच्या टेबलावर ठेवा, आणि "मला कळवावं लागणार आहे" असं लेखी द्या. तोंडी बोलू नका, तोंडी बोलणं हवेत जातं.

तोवर तुम्ही करायचं ते वेगळं आहे. त्या कर्मचाऱ्याला मुलांपासून लांब ठेवा, आणि ही शिक्षा नाही, खबरदारी आहे, असं त्यालाही सांगा. सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी वेगळं काढून ठेवा, बहुतेक मशीन काही दिवसांनी जुन्यावर नवं चढवत जातात आणि नंतर हळहळण्याशिवाय काही उरत नाही. हजेरीपट, गेटवरचं रजिस्टर, बसचा तक्ता, सगळं जागच्या जागी राहू दे, कुणी "नीट लिहून" काढायला बसू नये. मुलाचं नाव, वर्ग, पत्ता, फोटो कुठेही जाता कामा नये, तुमच्या स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरसुद्धा नाही, प्रसारमाध्यमांत ओळख उघड करायला कलम २३ मध्ये मनाई आहे. आणि "पाचवीतला तो उंच मुलगा" असं लिहिणं म्हणजे नाव लिहिण्यासारखंच आहे, एवढं शिपायापासून विश्वस्तांपर्यंत सगळ्यांना सांगा.

मुलगा आहे म्हणून पालक म्हणाले असतील ना, मुलाच्या बाबतीत एवढं काय? महिला आणि बालविकास मंत्रालयाचा २००७ चा अभ्यास होता, १३ राज्यांतली १२,४४७ मुलं, त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कुठला ना कुठला लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं, आणि त्यात निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. पॉक्सोमध्येही मुलगा-मुलगी असा फरक नाही, १८ वर्षांखालचं कुणीही.

ताई, मी नुकतीच समुपदेशक म्हणून शाळेत लागलेय. मार, उपाशी राहणं, दुर्लक्ष अशा गोष्टी कशा ओळखायच्या? मूल स्वतःहून तर काही बोलत नाही.

बोलत नाहीच. म्हणून मी तुम्हाला लक्षणांची यादी देत नाही, माझी एक चूक सांगते.

सहावीतला एक मुलगा होता, शेवटचा बाक, तिसऱ्या तासाला डोकं टेकून झोपायचा. मराठीच्या बाईंनी लिहिलं आळशी. पीटीच्या सरांनी लिहिलं खेळात भाग घेत नाही, कारणं सांगतो. वर्गशिक्षकांच्या हजेरीत सोमवार सोमवार गैरहजर. उन्हाळ्यात फुल बाह्यांचा स्वेटर, त्यावर सगळे हसायचे, मीही एकदा म्हटलं काय रे थंडी वाजते का. चार माणसांकडे चार तुकडे होते आणि चौघांनी ते आपापल्या वहीत ठेवले, एकत्र कुणीच करून बघितले नाहीत. माझ्याकडे तो आला तेव्हा दंडावर वळ होते, पट्ट्याचे, बकलाची खूण स्पष्ट दिसत होती.

आणि मी काय केलं? त्याच्या वडिलांना शाळेत बोलावलं, समजवायला. मोठ्या आत्मविश्वासाने बोलले, अर्धा तास, मुलांना मारू नये वगैरे. ते मान डोलवत राहिले, जाताना नमस्कारही करून गेले. त्या रात्री त्या मुलाला का मारलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. "शाळेत जाऊन माझं नाव सांगतोस?"

तेव्हापासून माझा नियम आहे, ज्याच्यावर संशय आहे त्याला आपण आधी सावध करायचं नाही. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ मध्ये सांभाळणाऱ्याने केलेली क्रूरता हा गुन्हा आहे, घरातला मार त्यात येऊ शकतो, आणि यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, बाल कल्याण समिती आहे, १०९८ आहे. हा १०९८ नंबर १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला, चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मूल स्वतःही लावू शकतं, म्हणून तो शाळेत मुलांच्या उंचीवर लावा, ऑफिसच्या नोटीस बोर्डावर आपल्या उंचीवर लावून काय उपयोग.

आणि एक जाड वही करा, शाळेची, तुमची नाही. कुलूपबंद. कुठल्याही शिक्षकाला काही खटकलं, अगदी "आज डबा आणला नाही, तिसऱ्यांदा" एवढंसुद्धा, की तुमच्याकडे यायचं आणि तुम्ही मुलाच्या नावाच्या पानावर लिहायचं. दर पंधरा दिवसांनी पानं उलटून बघा. एकेक नोंद वाचली तर काहीच वाटत नाही, पण सहा नोंदी एका पानावर दिसल्या की माणूस खुर्चीत सरळ बसतो. एवढं मात्र लक्षात ठेवा की सहा नोंदी म्हणजे अत्याचार असंही नाही, कधी घरात आजारपण असतं, कधी आईची रात्रपाळी, कधी नुसतं रात्री उशिरापर्यंत मोबाईल. म्हणून आधी मुलाशी बोला. "झोप होत नाही का रे?" इथून सुरुवात केली तरी चालते.

तो मुलगा पुढे शाळा बदलून गेला. त्याचं काय झालं मला माहीत नाही.

माझी मुलगी पहिलीत आहे. शाळा म्हणते आमच्याकडे ४० कॅमेरे आहेत, काळजी नको. पुरेसं आहे का?

नाही. कॅमेरा झालेलं दाखवतो, होण्याआधी अडवतो क्वचित, आणि टॉयलेटमध्ये तो नसतोच, नसावाच. बदलापूरच्या ऑगस्ट २०२४ च्या प्रकरणानंतर सगळीकडे कॅमेऱ्यांचीच चर्चा झाली, पण पालकांनी विचारायचे प्रश्न साधे आहेत, लहान मुलांना टॉयलेटला कोण नेतं, बसमध्ये शेवटचं मूल उतरेपर्यंत बाई माणूस असतं का, कंत्राटी माणसांसकट सगळ्यांची पोलीस पडताळणी झालीय का, शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठी असते ती सखी सावित्री समिती आहे का आणि ती शेवटची कधी बसली, तक्रारपेटी कोण उघडतं. शेवटचा प्रश्न जरूर विचारा, एका शाळेत पेटीची किल्लीच हरवली होती, दोन वर्षं.

दहावी-अकरावीची मुलं, दोघंही १७ च्या आतली, एकमेकांवर प्रेम आहे म्हणतात. एका मुलीचा फोटो ग्रुपवर फिरतोय. एका सरांनी पुरावा म्हणून तो स्टाफ ग्रुपवर टाकला. यात काय करायचं?

आधी ते सर! त्यांना आत्ता, हे वाचता वाचता फोन करा. लहान मुलांचा अश्लील फोटो पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्यात गुन्हा आहे, कलम ६७ ब, हेतू चांगला होता हे नंतर पोलिसांना समजावत बसावं लागेल. फोटो डाउनलोड करायचा नाही, कुणाला दाखवायचा नाही, कुणाच्या फोनवर कधी पाहिला तेवढं लिहून ठेवायचं आणि पोलिसांना सांगायचं, काय ठेवायचं काय पुसायचं ते त्यांनाच विचारा.

प्रेमाबद्दल मात्र जरा सबुरीने. दोन मुलं एकमेकांना चिठ्ठ्या लिहितात, डब्याच्या सुट्टीत एकत्र बसतात, हा गुन्हा नाही आणि त्याचा पंचनामा करू नका. पण शरीरसंबंध झालाय असं कळलं तर कायद्याला १८ खालची संमती मान्य नाही, दोघांची मर्जी असली तरी, आणि कळवण्याची जबाबदारी येते. मला व्यक्तिशः हा भाग अवघड जातो, १७ वर्षांच्या पोराच्या आयुष्याला आरोपी हा शब्द चिकटताना पाहिलाय मी. पण ते माझं मत, आणि माझ्या मताने कायदा बदलत नाही, म्हणून मुलांना आठवी-नववीतच हे सगळं मोकळेपणाने सांगायला हवं, प्रकरण झाल्यावर नाही.

अजून एक, मुलीच्या घरी कळलं की शाळा बंद आणि लग्नाची बोलणी सुरू असं होतं. पालकांशी बोलण्याआधी तिला विचारा, घरी कळलं तर काय होईल. लग्न लावायला निघाले तर बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा आहे, मुलीला १८, मुलाला २१, आणि त्यासाठीही १०९८ चालतो.

मी पीटीचा शिक्षक. आता तर भीतीच वाटते, मूल पडलं तरी उचलायचं की नाही कळत नाही. उद्या कुणी खोटी तक्रार केली तर?

उचला हो सर, रडणारं मूल तसंच ठेवू नका. फक्त सांगून करा, "तुझ्या गुडघ्याला पट्टी लावतोय", शक्य तिथे दुसरं माणूस असू दे, दार उघडं असू दे, एकट्या मुलाला बंद खोलीत किंवा स्वतःच्या गाडीवर नको, आणि पर्सनल नंबरवरून रात्री मेसेज नको. मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला पॉक्सोच्या कलम २२ मध्ये शिक्षा आहे, मुलाला नाही. आणि अंगठे धरून उभं करणं, वर्गासमोर पाणउतारा हे जे अजून चालतं ना, ते शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ मध्ये बंद आहे, शिस्तीच्या नावाखालीसुद्धा. त्याबद्दल तुम्ही विचारलं नव्हतंत, पण पीटीचे सर म्हणून सांगून ठेवते.

ताई, मी हे काम आठ वर्षं करतेय. आता रात्री झोप लागत नाही, मुलांचे शब्द कानात घुमतात. घरी बोलता येत नाही, गोपनीय असतं. काय करता तुम्ही?

मलाही खूप दिवस वाटायचं की हे आपलं वैयक्तिक कमजोरपण आहे. नाहीये. रोज हे ऐकणाऱ्या माणसाला कुणीतरी ऐकणारं हवं, आणि त्यासाठी नाव-गाव सांगावं लागत नाही. दुसऱ्या शाळेतली एक समुपदेशक मैत्रीण आहे माझी, महिन्यातून एकदा आम्ही भेटतो आणि एकमेकींना "एक मूल" म्हणून सांगतो, कुणाचं, कुठलं काही नाही. तुमच्या शाळेत मुख्याध्यापकांकडून लेखी मागून घ्या की आठवड्यात अमुक तास केस नाही, फक्त लिहिणं. आणि झोप न लागणं पंधरा दिवसांच्या वर गेलं असेल तर डॉक्टरांकडे जा, ताप आल्यावर जाता तसंच.

ती कुलूपबंद वही आहे ना, तिची किल्ली शाळेतच ठेवा. मी सहा वर्षं माझ्या पर्समध्ये घेऊन फिरले, घरी, लग्नाला, दवाखान्यात, सगळीकडे. एक दिवस मुख्याध्यापकांच्या तिजोरीत ठेवली आणि रिक्षात बसल्यावर सारखा पर्समध्ये हात जात होता, किल्ली कुठे गेली म्हणून.